लेखनप्रमाद नव्हे, फेरफार

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली आणि नदीकाठच्या गावांत जे जे तळमजल्यावर होते ते चिखलात गेले. पलूस तालुक्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयाची खालच्या फळ्यांवरची सगळी पुस्तके गेली, संगणकही गेले. दिवाळीनंतर पुण्यातल्या एका कार्यालयाने वापरलेले सहा संगणक पाठवले. त्यांवर लिनक्स ही मोफत संगणकप्रणाली बसवून द्यायला मी सांगलीहून सुट्टीच्या दिवशी जायचो. सहापैकी दोघांचे नेटवर्कचे पोर्ट बंद निघाले, म्हणून सांगलीतून दोन कार्डे विकत घेतली. कंपनी एक, दुकान एक, किंमत एक, पेटीवर मॉडेलचे नाव एक. पहिले कार्ड बसवले, वायर जोडली, नेट आले. दुसरे बसवले, तर दिवासुद्धा लागेना.

मी ड्रायव्हरचे, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमचे, डॉक्युमेंटेशन उघडले. चालणाऱ्या उपकरणांच्या यादीत ते मॉडेल स्वच्छ लिहिलेले होते. यादीत नाव आहे म्हटल्यावर संशय बाकी सगळ्यांवर जातो. वायर बदलली, स्लॉट बदलला, लिनक्स पुन्हा बसवले, कार्ड खराब आहे असे ठरवून परत पेटीत घातले आणि पुन्हा काढले. रविवारची संध्याकाळ झाली. शेवटी मोबाइल यूएसबीने जोडून त्याच्यावरून नेट घेतले आणि दोन्ही यंत्रांवर एलएसपीसीआय (यंत्रात बसलेल्या उपकरणांची यादी देणारी आज्ञा) चालवून कार्डांचे क्रमांक शेजारी शेजारी ठेवले. दोन्हीवरच्या चिप वेगवेगळ्या कंपन्यांच्या होत्या. मधल्या काळात उत्पादकाने आतली चिप बदलली होती आणि बाहेरचे नाव तसेच ठेवले होते. खूण एवढीच की बारकोडच्या शेजारी बारीक अक्षरात आवृत्तीचा आकडा वेगळा होता. डॉक्युमेंटेशन ज्याने लिहिले त्याने लिहिले त्या दिवशी ते खरेच होते.

वाचनालयाच्या ग्रंथपाल ताई हे सगळे दिवसभर पाहत होत्या. "नाव तर एकच आहे की हो सर," त्या म्हणाल्या. मी उलगडून सांगितले. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "म्हणजे आवृत्ती बदलली आणि मुखपृष्ठ तेच ठेवलं."

पुढच्या आठवड्यात मी त्या डॉक्युमेंटेशनसाठी एका ओळीची दुरुस्ती पाठवली: या मॉडेलची अमुक आवृत्ती या ड्रायव्हरवर चालते, त्यापुढची चालत नाही, तिची चिप अमुक आहे. ते सांभाळणाऱ्यांकडून प्रश्न आले. दोन्हींचे क्रमांक द्या, चिपवरच्या छापाचा फोटो द्या, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कुठल्या आवृत्तीचा होता ते सांगा. दिले. दुरुस्ती घेतली गेली. एका मित्राला सांगितले तर तो म्हणाला, "एवढा खटाटोप करून एक ओळ? तीही नावाची?" त्याच्या बोलण्यात हेटाळणी नव्हती. या क्षेत्रातले बहुतेक जण असेच मानतात, आणि मला या मानण्याविरुद्ध बोलायचे आहे.

आपल्याकडे नावाच्या दुरुस्तीचे दोन प्रकार खेड्यातल्या माणसालाही नीट माहीत असतात. सातबाऱ्यावर वेलांटी चुकली, आडनावात एक अक्षर गळले, तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद म्हणून ते दुरुस्त होते. हक्क जिथे होता तिथेच राहतो. पण खरेदी झाली, वारस लागले, वाटणी झाली, तर फेरफार धरावा लागतो. गाव नमुना ६ मध्ये नोंद, संबंधितांना नोटीस, हरकतीला मुदत, मग मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी. दोन्हींत कागदावर शेवटी बदलते ते नावच, पण एकात अक्षर बदलते आणि दुसऱ्यात वस्तुस्थिती. वस्तुस्थितीचा बदल लेखनप्रमाद म्हणून उरकला की काय होते, हे कलम १५५ च्या गैरवापराने पोळलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारावे.

नेटवर्क ड्रायव्हरच्या डॉक्युमेंटेशनमध्ये उपकरणाचे नाव दुरुस्त करणे हा बहुतेक वेळा फेरफार असतो, आणि आपण त्याला लेखनप्रमादासारखे वागवतो. त्यामुळे पाठवणारा पुरावा जोडत नाही, तपासणारा त्याला वेळ देत नाही आणि पाहणारा त्याला काम मानत नाही.

हे नाव इतके महत्त्वाचे का, ते समजायला यंत्र नाव वाचतच नाही हे आधी लक्षात घ्यावे लागते. पीसीआय स्लॉटवर, म्हणजे यंत्रात कार्ड बसवायच्या खाचेवर, बसलेले प्रत्येक उपकरण स्वतःचे दोन क्रमांक सांगते, एक उत्पादकाचा आणि एक उपकरणाचा. इंटेलचा क्रमांक ८०८६ आहे (१९७८ च्या आपल्या गाजलेल्या प्रोसेसरचाच आकडा त्यांनी घेतला), रियलटेकचा १०ईसी, ब्रॉडकॉमचा १४ई४. ड्रायव्हरच्या पोटात अशा जोड्यांची यादी असते. जोडी जुळली की तो उपकरण ताब्यात घेतो. पेटीवर काय छापले आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. यावरूनच काही जाणकार म्हणतात की यंत्र आपले आपण ओळखते, मग डॉक्युमेंटेशनमधल्या नावावर एवढा जीव कशाला टाकायचा?

कारण डॉक्युमेंटेशन उघडण्याची वेळ दोनदाच येते. एकदा यंत्राने ओळखले नाही तेव्हा, आणि एकदा विकत घेण्याआधी. दुकानात सीलबंद पेटी हातात असते, तिच्यावर एलएसपीसीआय चालवता येत नाही. त्या क्षणी माणसाजवळ फक्त नाव असते.

आणि नावे तरी किती. दुकानातले नाव, चिपचे नाव, ड्रायव्हरचे नाव, यंत्र सुरू झाल्यावर दिसणारे नाव. यांतले एकही दुसऱ्यावरून खात्रीने ओळखता येत नाही. आर८१६९ हा लिनक्समधला ड्रायव्हर पाहा. त्याचे नाव ज्या चिपवरून पडले ती जुन्या पीसीआय स्लॉटची. आज तो प्रामुख्याने चालवतो त्या आरटीएल८१११ आणि ८१६८ या पीसीआय एक्सप्रेस या नव्या स्लॉटच्या चिप, आणि अडीच गिगाबिटची ८१२५ सुद्धा. शिवाय चिपच्या कंपनीचा स्वतःचा वेगळा ड्रायव्हर आहे, त्याचे नाव आर८१६८. ज्याच्या यंत्रात ८१६८ चिप आहे, त्याला आर८१६९ आपला नाही असेच वाटणार. मग तो दुसरा शोधत बसतो, उतरवतो, कर्नलशी जुळवत बसतो, आणि ज्याची गरज होती तो पहिल्यापासून यंत्रात असतो.

मग ड्रायव्हरचेच नाव का बदलत नाहीत? कारण ते नाव असंख्य यंत्रांच्या सेटिंगच्या फायलींत आणि स्क्रिप्टमध्ये जाऊन बसले आहे. ते बदलले तर चालू असलेले बंद पडेल. तलाठ्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले तरी गाव तलाठीच म्हणते, त्यातलाच हा प्रकार. फक्त इथे म्हणणारी माणसे नसून यंत्रे आहेत आणि त्यांना समजावता येत नाही. म्हणून खरे काय ते सांगण्याची एकच जागा उरते, आणि ती म्हणजे डॉक्युमेंटेशन. जुने नाव कोडमध्ये गोठलेले असते, म्हणून त्याच्या शेजारचे स्पष्टीकरण ताजे असावे लागते.

इंटेलची गोष्ट याहून बारीक आहे. ई१००० हा जुन्या पीसीआय कार्डांचा ड्रायव्हर, ई१०००ई हा पीसीआय एक्सप्रेसचा. मध्ये फरक एका अक्षराचा. आय२१९ ही चिप ई१०००ई कडे, आय२११ आयजीबी कडे आणि आय२२५ आयजीसी कडे. तिन्हींची नावे कानाला सख्ख्या भावंडांसारखी, पण घरे तीन. कुणी प्रामाणिकपणे 'इंटेल आय२०० मालिका चालते' असे लिहून ठेवले, तर त्या वाक्यात अक्षराची चूक एकही नाही आणि ते वाक्य निरुपयोगी आहे.

२००८ साली नव्या कर्नलच्या चाचणी आवृत्तीत एक दोष निघाला. ई१०००ई चालवत असलेल्या काही इंटेल चिपची कायमची मेमरीच पुसली जात होती आणि पोर्ट निकामी होत होते. मूळ नंतर भलतीकडे, कर्नलच्या ट्रेसिंगच्या, म्हणजे आतल्या कामाचा माग ठेवणाऱ्या, यंत्रणेत सापडले. पण कारण कळेपर्यंत लोकांना सावध करणे गरजेचे होते, आणि ती सूचना ८२५६६ आणि ८२५६७ या आकड्यांनी द्यावी लागली. आपल्या लॅपटॉपमध्ये ८२५६६ आहे की नाही हे सामान्य माणसाला कुठून कळणार? दुकानातल्या नावावरून चिपपर्यंत नेणारी नोंद चुकीची असेल, तर सूचना पोचूनही पोचत नाही.

तर मग नावे सोडून द्या, फक्त क्रमांक लिहा, हा उपाय पुष्कळांना सुचतो. मलाही सुचला होता. तो दोन ठिकाणी अडतो. पेटीवर १०ईसी:८१६८ असे कुणी छापत नाही, हे पहिले. दुसरे असे की हाच क्रमांक त्या चिपच्या अनेक पिढ्यांनी वापरला आहे. आर८१६९ ला आतून आणखी एक खूण वाचून ठरवावे लागते की समोरची चिप कुठल्या पिढीची. यंत्र सुरू होताना तो ८१६८एच/८१११एच असे सांगतो, ते त्या खुणेवरून. एका पिढीत वीज वाचवण्याची सोय नीट चालते, दुसरीत तीच बंद ठेवावी लागते. म्हणजे क्रमांक हा गट नंबर झाला. त्या गटात कुणाचा हिस्सा कुठला, ते वेगळे पाहावे लागते.

नीट नोंद कशी असावी याचा नमुना शोधायला मला लांब जावे लागले नाही. सातारा जिल्ह्यात वाईला मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले. त्यात वनस्पतींच्या नोंदी पाहा. हळदीची नोंद उघडली की सुरुवातीलाच कंसात हिंदी, गुजराती, कानडी, संस्कृत, इंग्रजी नावे एकामागून एक येतात, आणि शेवटी लॅटिन नाव कुर्कुमा लाँगा व कुल. ज्याच्या तोंडी जे नाव असेल त्या नावाने तो आत येतो आणि एका ठरलेल्या नावापाशी पोचतो. कुठलेही लोकनाम चूक म्हणून खोडलेले नसते आणि कुठलेही एकटे पुरेसे धरलेले नसते. सांगलीच्या पेठेत राजापुरी म्हणून हळदीचा सौदा होतो, तोही व्यवहार खराच आहे. ड्रायव्हरच्या डॉक्युमेंटेशनमधली नोंद मला अशी हवी: बाजारातले नाव, त्याची आवृत्ती, चिपचे नाव, तिची पिढी, क्रमांक, आणि कुठल्या कर्नलपासून चालते ते. पूर्वीच्या नावाचा उल्लेखही हवा.

पूर्वीच्या नावाचा आग्रह धरतो याला कारण आहे. या धंद्यात कंपन्या विकल्या जातात. अथेरॉस आणि रॅलिंक २०११ मध्ये अनुक्रमे क्वालकॉम आणि मीडियाटेककडे गेल्या. ब्रॉडकॉमच्या दहा गिगाबिटच्या कार्डांचा धंदा, ज्यांचा ड्रायव्हर बीएनएक्स२एक्स, २०१४ मध्ये क्यूलॉजिककडे गेला, क्यूलॉजिक २०१६ मध्ये कॅव्हियमकडे, कॅव्हियम २०१८ मध्ये मार्व्हेलकडे. चार वर्षांत तीन मालक, आणि कार्डाच्या पोटातला क्रमांक मात्र ब्रॉडकॉमचाच, १४ई४. मोठ्या शहरांतून वापरून झालेले सर्व्हर आमच्याकडे छोट्या कारखान्यांत आणि पतसंस्थांत येतात. त्यांच्यातले कार्ड पाच-दहा वर्षांपूर्वीचे असते आणि त्यावरचा शिक्का पहिल्या मालकाचा असतो. डॉक्युमेंटेशन उत्साहाने नव्या मालकाच्या नावावर करून जुने नाव पुसले, तर तो शिक्का घेऊन शोधणारा माणूस रस्त्यातच राहतो. नाव दुरुस्त करताना जुने पुसू नये, त्याला नव्याशी जोडावे. फेरफाराच्या नोंदवहीतही आधीचा खातेदार वाचता येतो.

आपल्या कॉलेजांच्या प्रयोगवह्यांबद्दल मला याहून कडक बोलायचे आहे. सिस्टमडी या लिनक्स सुरू करणाऱ्या व्यवस्थेच्या १९७ व्या आवृत्तीपासून, म्हणजे जानेवारी २०१३ पासून, बहुतेक लिनक्सवर नेटवर्क पोर्टची नावे जागेवरून पडू लागली. ईथ झिरो या जुन्या नावाच्या जागी ईएनपी३एस० असे काहीतरी दिसते: पीसीआयची तिसरी बस, शून्यावा स्लॉट. बदलाला सबळ कारण होते. दोन कार्डे असलेल्या यंत्रात ईथ झिरो आणि ईथ वन यांची अदलाबदल होऊ शकत होती, आणि फायरवॉलचा नियम भलत्याच वायरीवर लागू शकत होता. इतकी वर्षे झाली तरी आमच्या भागातल्या एका कॉलेजच्या छापील प्रयोगवहीत प्रत्येक आज्ञेपुढे ईथ झिरोच आहे. मुलगी वहीत पाहून टाइप करते, असे उपकरणच नाही असा निरोप येतो, आणि ती मला सांगते, "सर, कार्ड गेलंय बहुतेक." कार्ड चालू असते. तिच्या चुकीचा तर प्रश्नच नाही. आपल्याला हा विषय जमत नाही अशी समजूत घेऊन ती त्या तासातून बाहेर पडते, आणि हे नुकसान एका रविवारच्या नुकसानीपेक्षा मोठे आहे. वहीत एक ओळ पुरे झाली असती: आधी आपल्या यंत्रावरचे नाव पाहा, मग पुढची आज्ञा द्या.

आता ज्या आक्षेपाला खरेच वजन आहे त्याकडे येतो. मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारे लोक, नावाच्या दुरुस्त्यांना वैतागलेले असतात, आणि त्यात आपला हात आहे. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये हॅक्टोबरफेस्ट या खुल्या प्रकल्पांना दुरुस्त्या पाठवण्याच्या उपक्रमातल्या टीशर्टसाठी जगभरच्या प्रकल्पांवर पोकळ दुरुस्त्यांचा पाऊस पडला. कुणी शीर्षकात एक विशेषण घालत होते, कुणी नुसती मोकळी ओळ. भारतातून गेलेल्या अशा दुरुस्त्यांची तेव्हा बरीच चर्चा झाली आणि आयोजकांना महिना संपायच्या आत नियम बदलावे लागले. त्यानंतर कुणी 'नाव दुरुस्त केले' असे लिहून काही पाठवले आणि तपासणाऱ्याने डोळे बारीक केले, तर त्याला दोष देता येत नाही. शिवाय चुकीची दुरुस्ती मूळ चुकीपेक्षा वाईट असते. आर८१६९ मधला आकडा टंकनदोष समजून कुणी ८१६८ करून पाठवला, तर तो एका वेगळ्याच ड्रायव्हरकडे बोट दाखवतो.

म्हणून पुराव्याचा आग्रह मला जाचक वाटत नाही. वाचनालयातल्या कार्डांसाठी माझ्याकडे फोटो मागितले तेव्हा राग आला नाही, उलट आपले काम कुणीतरी फेरफार म्हणून हाताळते आहे याचे समाधान झाले. सांगलीत वालचंद कॉलेजचा लिनक्स युजर्स ग्रुप आहे, इतर कॉलेजांतही मुले या वाटेला लागली आहेत. माझी शिक्षकांना विनंती आहे की शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत या कामाला जागा द्या. आपल्या प्रयोगशाळेतल्या, गावच्या शाळेतल्या, ओळखीच्या दुकानातल्या कार्डांचे क्रमांक, चिप, आवृत्ती टिपायची, ड्रायव्हरच्या यादीशी ताडून पाहायची, फरक निघाला तर पुराव्यासह पाठवायचा. यात कोड वाचावा लागतो, हार्डवेअर उघडावे लागते आणि अनोळखी जाणकारापुढे आपले म्हणणे सिद्ध करावे लागते. आणखी एक चेहरा ओळखणारे हजेरी यंत्र करण्यापेक्षा यात शिकणे जास्त आहे.

उत्पादकांवर मात्र मुलांच्या कष्टाने इलाज होणार नाही. तासगावचे माझे मामा द्राक्षे करतात. औषधाच्या दुकानात ते बाटलीवरचे मोठे नाव वाचतच नाहीत. "नाव राहू दे, टेक्निकल काय आहे ते सांग," हा त्यांचा पहिला प्रश्न. टेक्निकल म्हणजे आतला मूळ घटक. २०१० च्या हंगामात युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे बागायतदार ज्याला सीसीसी म्हणतात त्याचे, अंश मर्यादेबाहेर सापडले आणि माल अडला. तेव्हापासून टेक्निकल विचारण्याची सवय आणखी घट्ट झाली. ती सवय त्यांना उपयोगी पडते, कारण टेक्निकल बाटलीवर छापलेले असते. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालच्या नियमांनी घटक आणि त्याचे प्रमाण लेबलवर बंधनकारक केले आहे. नेटवर्क कार्डाच्या पेटीवर चिपचे नाव छापण्याची अशी सक्ती नाही. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन हा वायफाय अडॅप्टर पहिल्या आवृत्तीत अथेरॉसच्या एआर९२७१ चिपवर चालायचा, दुसऱ्या आवृत्तीपासून रियलटेकच्या आरटीएल८१८८ईयूएसवर. दोन्हींचे ड्रायव्हर वेगळे, नाव मात्र तेच राहिले. चिप बदलण्याचा हक्क कंपनीला जरूर असावा, पण बदल पेटीवर ठळक दिसावा. आणि निदान सरकारी पैशाने होणाऱ्या खरेदीत, जिल्हा परिषदेच्या शाळांपासून ग्रामपंचायतींपर्यंत, मागणीपत्रात 'गिगाबिट नेटवर्क कार्ड' एवढेच न लिहिता चिप आणि आवृत्ती लिहावी. पुरवठादाराला मग ती सांगावीच लागेल.

त्या वाचनालयात मी अजून अधूनमधून जातो. गेल्या वेळी ताई वार्षिक तपासणीसाठी साहित्याची नोंदवही काढून बसल्या होत्या. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती आल्या तरी त्यांच्याकडे दोन दाखल क्रमांक पडतात, आणि आवृत्तीचा रकाना रिकामा ठेवलेला त्यांना चालत नाही. २०१९ च्या पानावर 'नेटवर्क कार्ड, २ नग' अशी एक ओळ होती. ती त्यांनी लाल शाईने कंस करून सोडली होती, खोडली नव्हती. खाली दोन नव्या ओळी होत्या. दोन्हींत मॉडेलचे नाव तेच होते, पण आवृत्ती वेगळी, चिप वेगळी, क्रमांक वेगळा. दुसऱ्या कार्डाच्या क्रमांकातला एक आकडा त्यांना नीट लागला नव्हता, तिथे त्यांनी पेन्सिलने प्रश्नचिन्ह ठेवले होते. आम्ही ते यंत्र उघडून पाहिले आणि आकडा भरला.